विहीर आटते, बोजा आटत नाही

तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, जुन्या हाती लिहिलेल्या सातबाऱ्याची एक झेरॉक्स माझ्याकडे आहे. तिच्यातल्या 'इतर हक्क' या रकान्यात दोन नोंदी एकाखाली एक आहेत. वरची नोंद : सामाईक विहिरीत चार आणे हिस्सा. खालची नोंद : त्याच विहिरीचं खोलीकरण आणि पाइपलाइन यांसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा. वरच्या ओळीत तात्यांचा पाण्यावरचा हक्क, खालच्या ओळीत बँकेचा तात्यांच्या जमिनीवरचा हक्क.

कर्ज देताना बँकेच्या वकिलांनी तीस वर्षांचे फेरफार चाळले, सर्च रिपोर्ट दिला, भावांच्या सह्या घेतल्या. वरच्या ओळीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. विहिरीतले उरलेले बारा आणे कोणाचे, पाळी कशी ठरली आहे, चैतात मोटर किती तास चालते, शेजारच्या बांधाला कोणी बोअर मारलं आहे का, यातलं काहीही विचारलं गेलं नाही. कर्ज पाण्यासाठी होतं आणि चौकशी सगळी मातीची झाली. खोलीकरणात काळा पाषाण लागला, पाणी होतं तेवढंच राहिलं. हप्ते थकले. मी एकदा बावळटासारखं विचारलं की बँकेला हे सांगितलं नाही का, तर तात्या म्हणाले, "पाणी लागलं न्हाई म्हणून व्याज थांबतंय व्हय रं?"

प्रश्न त्यांनी चेष्टेत विचारला होता. मला तो गंभीरपणे घ्यायचा आहे. पाण्यासाठी दिलेलं कर्ज पाण्याच्या नशिबाशी बांधलेलं का नसावं? आणि तसं ते बांधायचं म्हटलं, तर जमिनीऐवजी पाण्याचा हक्कच तारण ठेवावा, असं जे अलीकडे काही मंडळी सुचवतात, ते बरोबर आहे का? माझं मत आधीच सांगतो. सगळी जमीन गहाण घेण्याची जुनी रीत अन्यायाची आहे. पाण्याचा हक्क कायमचा गहाण घेण्याची नवी कल्पना त्याहून धोक्याची आहे. तारण ठेवायचंच असेल तर एका हंगामाचं पाणी ठेवावं, तेही संस्थेमार्फत, आणि पाणी लागलंच नाही तर त्या तोट्यात सावकाराने, म्हणजे बँकेने, वाटा उचलावा.

गहाणाला आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा. ताबा न देता नुसती नजर ठेवू दिली तर नजरगहाण. ताबा देऊन उत्पन्न खाऊ दिलं तर कब्जेगहाण. अमुक वर्षांत पैसे दिले नाहीत तर जमीन तुझी, असं लिहून दिलं तर मुदतखरेदी. हे शब्द अनुभवातून आले आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं ताब्यात घेऊन जाळली आणि दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. त्यांचा राग होता कागदावर. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खन कृषक मदत कायदा आला आणि खतात काय लिहिलंय यावर न थांबता मुळात व्यवहार काय झाला होता, हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. ही मोठीच गोष्ट होती, आणि तिची आठवण मी पुढे काढणार आहे.

सरकार स्वतः कर्ज देऊ लागलं तेव्हा मात्र ही दृष्टी हरवली. १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याने विहिरी आणि बांधबंदिस्तीसाठी तगाई मिळू लागली, पण तिची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. पुढे सहकार आला आणि १९३५ मध्ये मुंबई प्रांताची भूतारण बँक निघाली. नावातच तारण. नंतर तिचं नाव भूविकास बँक झालं. पाटी बदलली, गहाणखताचा मजकूर फारसा बदलला नाही. गावच्या सोसायटीकडून घेतलेल्या कर्जाला गहाणखतही लागत नाही. १९६० च्या सहकार कायद्याच्या ४८ व्या कलमाखाली सभासद इकरार लिहून देतो आणि बोजा सातबाऱ्यावर चढतो.

आता या तारणातली गंमत पाहा. जिरायत जमिनीची किंमत कमी, बागायतीची कितीतरी जास्त. कर्ज घ्यायचं ते जिरायतीची बागायत करण्यासाठी. पाणी लागलं तर जमिनीची किंमत चढते, कर्ज आपोआप फिटतं, आणि तारणाची गरज कोणालाच उरत नाही. पाणी लागलं नाही तर जमीन जिरायतच राहते, वर कर्ज बसतं, आणि नेमकी तेव्हाच बँकेला ती विकायची असते. म्हणजे ज्या दिवशी तारण लागतं त्या दिवशी त्याचा भाव सगळ्यात पडलेला असतो. शिवाय ती जमीन गावात विकत घेतो कोण? ज्यांनी अशा लिलावांची नोटीस चावडीवर वाचली आहे त्यांना माहीत आहे, भाऊबंदाच्या रानावर बोली लावायला सहसा कोणी पुढे येत नाही. बाहेरचा आला तर भांडण होतं.

मग बँकेला या कागदाचा उपयोग काय? धाक. खरी वसुली होते ती दुसऱ्याच वाटेने, आणि पश्चिम महाराष्ट्रात ती वाट म्हणजे ऊसबिल. कारखान्याला हमीपत्र दिलं की बिलातून कपात परस्पर होते. द्राक्षाला, ज्वारीला, हरभऱ्याला अशी सोय नाही. त्यामुळे पाण्याच्या कर्जासाठी सगळ्यात भरवशाचा ऋणको ठरतो ऊस लावणारा. पाणी कमी म्हणून कर्ज काढायचं, आणि कर्ज फेडता यावं म्हणून सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक लावायचं. उसाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या शहरी लेखांत ही कपातीची सोय क्वचितच दिसते.

जमिनीखालचं सांगायचं तर आपला चार-पंचमांशांहून अधिक महाराष्ट्र बेसाल्टवर बसला आहे. या खडकात पाणी राहतं ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. दहा पावलांवरच्या एका विहिरीला धो धो झरा आणि दुसरी ठणठणीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. विहिरीची जागा सांगणारा पाणाड्या नारळ हातावर घेऊन फिरतो त्याला आपण हसतो. बँकही त्याच भरवशावर कर्ज देते, फरक इतकाच की नारळ खोटा ठरला तर तिला काही गमवावं लागत नाही.

एकट्याच्या विहिरीचं हे झालं. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठांवर सहकारी उपसा जलसिंचन योजना निघाल्या त्यांची कथा जास्त शिकवणारी आहे. नदीकाठी जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, तिथून मोठ्या व्यासाची पाइपलाइन, वर माळाला वितरण कुंड्या. शे-दोनशे शेतकऱ्यांनी संस्था काढायची, प्रत्येकाने आपली जमीन तारण द्यायची, बँकेने कर्ज द्यायचं. जिथे चाललं तिथे माळाचं सोनं झालं, हे आधी कबूल केलं पाहिजे. कोल्हापुरातल्या कित्येक गावांची पक्की घरं या पाइपांतून आली आहेत. पण जिथे नदी फेब्रुवारीतच तळाला गेली, किंवा वीजबिल पाणीपट्टीच्या वर गेलं, किंवा शेपटाच्या शेतकऱ्याला कधी पाणी पोचलंच नाही, तिथे संस्था बंद पडली. मोटरी गेल्या, पाइप चोरीला गेले, जॅकवेलमध्ये बाभळी उगवल्या. बोजा मात्र प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर तसाच. ज्याच्या रानात पाण्याचा एक थेंब आला नाही त्याच्याही. अशा माणसाला पीककर्ज मिळत नाही, वाटणीपत्र करताना अडचण येते, मुलीच्या लग्नाला अर्धा एकर काढायचं म्हटलं तर गिऱ्हाईक सातबारा पाहून परत जातं.

कर्जमाफ्या येतात त्या पीककर्जाच्या. २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना अल्पमुदत पीककर्जासाठी आणि त्याच्या पुनर्गठनासाठी होती, विहीर आणि पाइपलाइनची दीर्घमुदत कर्जं तिच्या बाहेर राहिली. भूविकास बँक तोवर मोडीत निघाली होती, तरी तिचे बोजे जिवंत होते. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिच्या ३४ हजार ७८८ शेतकऱ्यांचं ९६४ कोटी १५ लाख रुपयांचं कर्ज माफ केलं. सरासरी काढली तर माणशी पावणेतीन लाखांच्या आसपास येते. बँक गेली, तिचे कर्मचारी थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षं भांडले, आणि ऋणकोंपैकी कितीतरी तोवर वारले होते. मुद्दल, व्याज आणि दंडव्याज यांची ती बेरीज कधीच वसूल होणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग एवढी वर्षं ती जमीन अडवून ठेवून कोणाचं काय साधलं?

इथे बँकवाले मित्र एक उत्तर देतात आणि ते फेटाळण्यासारखं नाही. तारण काढून टाकलं तर आम्ही कर्ज देणार नाही, मग शेतकरी जाईल कुठे? सावकाराकडे. तो नजरगहाणावर भागवत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. २०१४ चा सावकारी नियमन कायदा अशा खरेदीखतांमागे जाऊन जमीन परत देण्याची सोय करतो, पण त्यासाठी सहायक निबंधकाच्या कार्यालयात किती खेटे घालावे लागतात ते विचारू नका. बँका असंही सांगतात की आमचे हात आधीच बांधलेले आहेत : थकीत कर्जाचं तारण कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. कारखान्याची शेड जप्त करता येते, शेत नाही. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाखांवर नेली आहे. चांगलं आहे, पण दोन लाखांत विहिरीचं बांधकामसुद्धा पुरं होत नाही. विहीर, मोटर, पाइप, ठिबक धरलं की तारणाच्या दारात जावंच लागतं.

म्हणजे काहीतरी तारण हवं. मग पाण्याचा हक्कच का नको? हा विचार हवेतला नाही. चिलीने १९८१ च्या जलसंहितेत पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडला, त्याला खासगी मालमत्ता केलं, तो विकता, गहाण ठेवता येऊ लागला. ऑस्ट्रेलियात २००४ च्या राष्ट्रीय जलधोरणानंतर मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याच्या हक्काची जमिनीपासून वेगळी नोंदवही झाली आणि बँका त्या नोंदीवर आपला बोजा चढवू लागल्या. कागदावर हे फार सुटसुटीत दिसतं. ज्याच्यासाठी कर्ज, तेच तारण.

पुढे काय झालं तेही पाहावं. चिलीतल्या पेटोर्का खोऱ्यात अ‍ॅव्होकाडोच्या बागा डोंगरावर हिरव्या राहिल्या आणि खालच्या वस्त्यांना प्यायला टँकर आले. त्या देशाला २०२२ मध्ये कायदा सुधारून नवे हक्क कायमचे न देता तीस वर्षांच्या मुदतीने देण्याचं ठरवावं लागलं. ऑस्ट्रेलियात मोठ्या दुष्काळात नद्यांसाठी सरकारने पाण्याचे हक्क विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी ते विकले ते बँकेचं देणं भागवायला. पाणी गेलं, कालवा राहिला, आणि त्याच्या देखभालीचा खर्च उरलेल्यांच्या माथी वाढला. जमीन लिलावात गेली तर ती गावातच राहते, मालक बदलतो. पाणी लिलावात गेलं तर ते गावातून निघून जातं. या एका फरकासाठी मी पाण्याच्या गहाणाला विरोध करतो.

आपल्याकडे कायद्याने तसं दार किंचित उघडलेलं आहेच. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात पाण्याची हक्कदारी आहे. तो उपभोगाचा हक्क आहे, मालकी नाही, आणि वार्षिक किंवा हंगामी स्वरूपात तिची देवघेव होऊ शकते असं त्यात लिहिलं आहे. पण या हक्कदारीवर कोणती शहाणी बँक वीस वर्षांचं कर्ज देईल? २०११ मध्ये कायदा दुरुस्त करून शेती, उद्योग आणि पिणं यांच्यातलं वाटप ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला गेला. उद्या एखाद्या औष्णिक वीज प्रकल्पाला पाणी द्यायचं ठरलं तर कालव्यावरच्या शेतकऱ्याची हक्कदारी आकसते.

आणखी जवळचं उदाहरण गोदावरीचं. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार जायकवाडीत, खरिपातला वापर धरून, ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचं हे तत्त्व उचलून धरलं. आता कल्पना करा, मुळा किंवा प्रवरेच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी आपली हक्कदारी बँकांकडे गहाण ठेवली आहे. नोव्हेंबरात दरवाजे उघडायची वेळ येते. त्या दिवशी कोर्टात नगरचे शेतकरी एकटे जाणार नाहीत, त्यांच्या मागे बँकांची फौज असेल, 'आमचं तारण वाहून चाललंय' म्हणत. मराठवाड्याच्या माणसाने हे चित्र डोळ्यांसमोर आणून मग या सूचनेला टाळ्या वाजवाव्यात.

भूजलाचं तर विचारूच नका. १८८२ चा सुविधाधिकार कायदा अजूनही आपल्या डोक्यावर आहे : ज्याची जमीन, त्याला तिच्याखालचं पाणी उपसण्याचा अधिकार. भूजल कोणत्या बांधाला थांबत नाही. मी विहीर तारण देतो, दोन महिन्यांनी शेजारी खोल बोअर घेतो, माझी विहीर कोरडी. त्याला कर्ज कोणी दिलं? कदाचित त्याच शाखेने. तारण म्हणून घेतलेली वस्तू बँक स्वतःच्याच दुसऱ्या कर्जाने पळवून लावते आणि दोन्हीकडे व्याज मोजते. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये अमलात आला, पण शिवारात बोअरची गाडी यायला त्याची अडचण झाल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

याच महाराष्ट्रात एका माणसाने पन्नास वर्षांपूर्वी हा गुंता वेगळ्या टोकाने सोडवायला घेतला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात, नायगावला, पाणी पंचायतीचं काम उभं केलं. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. योजना गटाची, एकट्याची नाही, आणि खर्चातला पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. आणि यातलं सगळ्यात धारदार कलम : पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही, ते संस्थेकडे परत येतं. म्हणजे चिलीप्रमाणेच इथेही पाणी जमिनीपासून तोडलं, पण बाजारात न्यायला नव्हे, बाजारापासून वाचवायला.

पाणी पंचायतीवर आक्षेप आहेत. तिच्या अनेक योजना पुढे टिकल्या नाहीत, आणि तिचा विस्तार पुरंदरच्या पलीकडे फार झाला नाही. मला स्वतःला उसाची सरसकट बंदी जाचक वाटते. तिच्यातून घ्यायचं ते एवढंच की जो हक्क गहाणच पडू शकत नाही, तो गरिबाकडून कोणी काढूनही घेऊ शकत नाही. भूमिहीन बाई, बटाईने करणारा, सातबाऱ्यावर नाव नसलेली सून, यांना बँकेच्या दारात आज काहीच किंमत नाही. त्यांना पाण्याचा हक्क देऊन 'आता हा गहाण ठेव' असं सांगणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं झालं.

मग बँकेने काय धरून पैसे द्यावेत? माझ्या मते, हंगाम. पाणी वापर संस्था, शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याच्या २००५ च्याच दुसऱ्या कायद्याखाली नोंदलेली, आपल्या या वर्षाच्या कोट्यापोटी येणारी पाणीपट्टी आणि सभासदांच्या पिकाची विक्री यांवर बँकेला हक्क देऊ शकते. धरण भरलं तर हप्ता पूर्ण, अर्धं भरलं तर हप्ता अर्धा, उरलेला पुढच्या वर्षावर, दंडव्याजाशिवाय. उसासाठी कपातीची जी सोय आहे तीच शेतकरी उत्पादक कंपनीच्या, बाजार समितीच्या पावतीवर तूर-हरभऱ्याला का मिळू नये? नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्था वर्षानुवर्षं पाणी मोजून घेतात, पट्टी भरतात, आपसांत वाटतात. अशा संस्थेचा वसुलीचा इतिहास हे दोन एकर मुरमाड रानापेक्षा चांगलं तारण आहे, आणि ते लिलावात काढावं लागत नाही.

विहिरीसाठी दुसरं कलम लागेल. पाणी लागलं नाही, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाने तसा दाखला दिला, तर मुद्दलाचा ठरावीक भाग बँकेने सोडावा, उरलेल्याचं व्याज थांबावं आणि बोजा विहिरीपुरत्या क्षेत्रावर यावा, सगळ्या गटावर नाही. बँक म्हणेल, खोटे दाखले येतील. येतीलही काही. पण १८७९ मध्ये ब्रिटिश सरकारने न्यायाधीशाला खतामागे जाऊन पाहायला सांगितलं, तेव्हाही खोट्या साक्षी होत्याच. आज व्यवहारामागे जाऊन विहिरीत डोकावायला एका भूवैज्ञानिकाला सांगणं त्याहून अवघड नाही. आणि स्वतःचे पैसे बुडण्याची भीती आली की बँक कर्ज देण्याआधीच त्याला शिवारात पाठवील. दोन विहिरींतलं अंतर, शेजारचं बोअर, पाणलोट अतिशोषित आहे का, हे प्रश्न तेव्हा अर्जाच्या पहिल्या पानावर येतील.

हे सगळं व्हायचं तर पाण्याचा हक्क आधी नीट लिहिलेला तरी हवा. गेल्या वर्षी चुलत भावाला वाटणीसाठी सातबारा लागला. आता तो मोबाइलवर निघतो, डिजिटल सहीचा, स्वच्छ छापलेला. त्याने मला फोटो पाठवला. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा पै न् पै सकट आला आहे. हाती लिहिलेल्या उताऱ्यावरून संगणकात भरताना सामाईक विहिरीतल्या चार आण्यांची ओळ मात्र राहून गेली. ती परत लावण्यासाठी महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखाली अर्ज केला आहे. जुन्या उताऱ्याची माझ्याकडची झेरॉक्स त्याला जोडली. ती वाचता येत नाही, साक्षांकित प्रत आणा, असं सांगून अर्ज परत आला आहे.